रोज नव्याने उभा राहणारा खटला

१५२२ च्या मार्च महिन्यात स्पेनमधल्या मोन्सेरातच्या मठात एक लंगडणारा सैनिक येऊन पोचला. आदल्याच वर्षी पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय फुटला होता. अंथरुणाला खिळलेला असताना हाताशी आलेली संतचरित्रं वाचून त्याने तलवार खाली ठेवायचं ठरवलं. मठात त्याने आयुष्यभराच्या पापांची कबुली दिली. सगळी पापं लिहून आणली होती, ती सांगायला तीन दिवस लागले. एवढ्यावर प्रकरण मिटायला हवं होतं. पण जवळच्या मान्रेसा गावी मुक्काम हलवल्यावर शंका छळू लागल्या. एखादं पाप सांगायचं राहून तर गेलं नाही? सांगितलं ते पुरेसं उलगडून सांगितलं का? तो पुन्हा धर्मगुरूकडे जाई, पुन्हा सांगे, आणि शंका होती तिथेच. धर्मगुरूने बजावलं, अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांग, बाकी जुनं उकरू नकोस. याचाही उपयोग झाला नाही, कारण त्याला सगळंच अगदी स्पष्ट वाटत होतं. खोलीतल्या भगदाडात स्वतःला झोकून द्यावं, इथवर विचार गेले. मग आठवडाभर कडकडीत उपास. धर्मगुरूने तो सोडायला लावला, दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी प्रार्थनेत एक पाप आठवलं, त्याच्यामागून दुसरं, त्याच्यामागून तिसरं. अखेर त्याने ठरवलं की जुन्या पापांबद्दल यापुढे कबुलीत एक अक्षरही काढायचं नाही. आणि तो सुटला.

हा इग्नेशियस लोयोला, जेझुइट संघाचा संस्थापक. त्याचा सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला. त्याच्या शवपेटीच्या दर्शनाला जुन्या गोव्यात आजही लोक लोटतात. इग्नेशियसने साठी ओलांडल्यावर एका सहकाऱ्याला आपलं आत्मवृत्त सांगितलं, त्यात हा सगळा भाग आहे. पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या निदानाचं लेबल लावावं, असं माझं म्हणणं नाही. ते लावण्याचा अधिकार कोणालाच नाही. तरी या पुस्तकाच्या विषयाचं इतकं नेमकं वर्णन मला दुसरीकडे सापडलेलं नाही. घडून गेलेली गोष्ट, तिची पुन्हापुन्हा झडती, दोन दिवसांचा दिलासा, आणि तिसऱ्या दिवशी नवा मुद्दा.

मंत्रचळ म्हणजे ओसीडी, हे आता बऱ्याच मराठी वाचकांना ठाऊक आहे. हात धुणं, कुलूप ओढून बघणं, फरशीच्या रेघा चुकवत चालणं एवढं तर मालिका-सिनेमांनीही पोचवलं आहे. त्याच आजाराचं एक रूप मात्र घरातल्या घरात राहूनही कोणाला दिसत नाही, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं. माणूस खुर्चीत बसलेला असतो, हातात चहाचा कप असतो, आणि डोक्यात १९९४ सालची एक दुपार चालू असते.

कोल्हापूरच्या एका शिक्षिकेचं उदाहरण घेतो. ही कोणी एक बाई नाही. अनेकांच्या बोलण्यातले तुकडे जोडून मी ती उभी केली आहे. सातवीत असताना तिने शेजारच्या मुलीची कॅम्लिनची कंपासपेटी लपवली होती. गंमत म्हणून. बाईंनी वर्गाची झडती घेतली, पेटी तिसऱ्याच मुलीच्या दप्तराजवळ सापडली, आणि त्या मुलीला छड्या बसल्या. ही गप्प राहिली. पुढे शाळा संपली, डी.एड. झालं, लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि ती गोष्ट कुठेतरी तळाशी पडून होती. चाळिशीत एकदा स्वतःच्या वर्गात पेन चोरीला गेलं म्हणून तिने एका मुलाला उभं केलं आणि त्याच रात्री ती दुपार वर आली. तेव्हापासून सुरू झालं. मी पेटी नेमकी कुठे ठेवली होती? बाकाखाली, की मुद्दाम तिच्या दप्तराकडे सरकवली? छड्या बसताना मला वाईट वाटलं होतं, की आतून हसू आलं होतं? हसू आलं असेल तर मी कशी माणूस आहे? आणि अशा माणसाने मुलांना शिकवावं का?

तिने फेसबुकवर छड्या खाल्लेली ती मुलगी शोधून काढली, धीर करून फोन केला. समोरून उत्तर आलं, ‘अगं बाई, कसली कंपास? मला तर काही आठवतही नाही. तुझं कसं चाललंय ते सांग!’ त्या रात्री तिला गाढ झोप लागली. दोनच दिवसांनी मनात आलं, तिला आठवत नाही म्हणजे तिने माफ केलं असं कुठे होतं? आणि मी तिला सगळं सांगितलंच नाही; हसण्याचं सांगितलं नाही. पुन्हा फोन. मग नवऱ्याला रोज रात्री तोच प्रश्न, ‘अहो, खरं सांगा, मी वाईट आहे का?’ तो बिचारा आधी समजावून सांगायचा, मग कंटाळून, मग चिडून.

आता या गोष्टीत अडचण अशी की, कंपासपेटी खरोखर लपवली गेली होती. जंतूंच्या भीतीने हात धुणाऱ्याला आपण ठामपणे म्हणू शकतो की हात स्वच्छ आहेत. इथे तसं म्हणता येत नाही. घडलेलं घडलं होतं, आणि ते फारसं बरंही नव्हतं. म्हणून भोवतालच्यांना ही साधी टोचणी वाटते. किंबहुना आपल्याकडे अशा टोचणीला मानच मिळतो. ‘फार हळवी आहे हो, मनाला लावून घेते,’ असं कौतुकाने म्हटलं जातं. वर्षानुवर्षं निदान होत नाही, त्यात या कौतुकाचा वाटा मोठा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच्या शेजारीच एक दुसरी जात आहे. तिच्यात गोष्ट घडली की नाही हाच प्रश्न असतो. चाकणच्या रस्त्यावरून रात्री मोटरसायकलने येताना चाक कशावरून तरी गेलं. खड्डा होता, गतिरोधक होता, की माणूस? तो वळून जाऊन बघतो, काही नसतं. सकाळी पेपरातली अपघातांची पानं चाळतो. दोन वर्षांनंतरही त्याच्या डोळ्यांपुढे रस्त्याकडेला पडलेला एक हात येतो, आणि हा हात पाहिला होता की कल्पनेत जोडला गेला, ते त्याला सांगता येत नाही. पहिल्या प्रकाराला जगभर ‘खऱ्या घटनेचा ओसीडी’ आणि दुसऱ्याला ‘खोट्या आठवणीचा ओसीडी’ म्हणायची पद्धत पडली आहे. ही नावं रुग्णांच्या आणि उपचारकांच्या बोलण्यातली. २०१३ च्या डीएसएम-५ किंवा २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या निदानसूच्यांमध्ये त्यांची वेगळी नोंद नाही. दोन्हींच्या लेखी हा साधा ओसीडीच. ते योग्यही आहे, कारण विषय कोणताही असो, यंत्रणा एकच असते.

ती यंत्रणा कशी चालते ते समजून घेतल्याशिवाय ओळख पटत नाही, म्हणून थोडं तिथे थांबतो. कुलपाची शंका आली तर माणूस उठून कुलूप ओढू शकतो. भूतकाळाला जाऊन हात लावता येत नाही. मग तपासणी आत सरकते. मनातल्या मनात तो प्रसंग पहिल्यापासून लावायचा, एखाद्या क्षणी थांबवायचा, चेहरे निरखायचे, स्वतःचा हेतू शोधायचा. बाहेरून हा ‘विचार’ दिसतो. प्रत्यक्षात ती कृती आहे, हात धुण्याइतकीच कृती. डीएसएमच्या व्याख्येतही मनातल्या मनात केलेल्या कृती स्पष्टपणे धरल्या आहेत. पण ‘तुम्ही पुन्हापुन्हा काही करता का?’ असं डॉक्टरांनी विचारलं तर ती शिक्षिका प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल, आणि चिठ्ठीवर नैराश्य लिहिलं जाईल.

या तपासणीने आठवण पक्की होत असती तर प्रश्नच नव्हता. २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या व्हॅन डेन हाउट आणि किंट या दोघा संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी चालू-बंद करून तपासायला लावली, एका गटाला पुन्हापुन्हा. शेवटी कोणते बर्नर तपासले हे दोन्ही गटांना जवळपास सारखंच बरोबर सांगता आलं. पण पुन्हापुन्हा तपासणाऱ्यांची आठवण फिकी झाली होती, तपशील गळाले होते, आणि स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा घसरला होता. हे निरोगी माणसांचं झालं, तेही काही मिनिटांत. तीस वर्षांपूर्वीची दुपार दिवसातून तीन-चार तास तपासणाऱ्याचं काय होत असेल?

त्यात आठवण ही जपून ठेवलेली चित्रफीत नव्हेच. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्येच दाखवून दिलं की आठवताना आपण गोष्ट नव्याने बांधतो. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ मध्ये लोकांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. नंतर विचारताना ‘धडकल्या’ऐवजी ‘चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचं क्रियापद वापरलं, तर न फुटलेल्या काचा पाहिल्याचं सांगणारे वाढले. एका शब्दाने काचा फुटतात. मग आरोपीच्या पिंजऱ्यात स्वतःलाच उभं करून रोज रात्री तेच प्रश्न विचारणाऱ्याच्या आठवणीत रस्त्याकडेला एक हात उगवला, यात नवल काय? या खटल्यात आरोपी, वकील, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच माणूस असतो, आणि निकाल लागला की दुसऱ्या दिवशी तोच अपील करतो.

हेतूचा प्रश्न तर आणखी अवघड. ‘तेव्हा माझ्या मनात नेमकं काय होतं?’ याचं खात्रीलायक उत्तर आपल्यापैकी कोणाकडेच नसतं. आपण तो प्रश्न अर्धवट सोडून जगतो. मंत्रचळ झालेल्याला तो सोडवत नाही. शिवाय मोजमाप आजचं लावलं जातं. बारा वर्षांच्या मुलीला बेचाळीस वर्षांच्या शिक्षिकेच्या शहाणपणाने तोललं जातं. अजाणत्या वयातलं कुतूहल, कॉलेजातली फालतू चेष्टा, तुटलेल्या नात्यातला एक कठोर मेसेज, आजारी वडिलांवर ओरडलेली एक संध्याकाळ, असल्या गोष्टींवर हा आजार पोसला जातो. गुन्हा लहान की मोठा, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

मग खरा पश्चात्ताप कसा ओळखायचा? इंग्रजी कोशकार सॅम्युएल जॉन्सनची एक हकिकत आहे. त्याचे वडील पुस्तकविक्रेते. उटॉक्सिटरच्या बाजारात दुकान मांडायचे. एकदा त्यांनी मुलाला सोबत यायला सांगितलं, आणि तरुण जॉन्सनने अहंकारापायी नकार दिला. ते शल्य कितीतरी वर्षं राहिलं. म्हातारपणी तो भर पावसात उटॉक्सिटरला गेला आणि वडिलांचं दुकान जिथे असे तिथे बोडक्या डोक्याने बराच वेळ उभा राहिला. विक्षिप्तच प्रकार, आणि जॉन्सनला इतर विचित्र सवयींचीही कमतरता नव्हती. पण या प्रायश्चित्ताला शेवट होता. आपण नीट भिजलो का, हे तपासायला तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला नाही.

त्याच्या उलट इंग्रज धर्मोपदेशक जॉन बन्यन. याचं ‘यात्रिकक्रमण’ हरि केशवजींनी १८४१ मध्येच मराठीत आणलं, म्हणजे नाव आपल्याला अगदीच परकं नाही. १६६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात तो लिहितो की ख्रिस्ताला ‘विकून टाक’ असा विचार त्याच्या डोक्यात सारखा घुसत होता. एकदा झगडून थकल्यावर ‘जाऊ दे’ अशा अर्थाचं काहीतरी मनात उमटलं, आणि पुढे दीर्घकाळ तो एवढंच तपासत राहिला की त्या क्षणी आपण संमती दिली का, आणि दिली असेल तर हे पाप क्षमेपलीकडचं आहे का. बायबलातलं एक वचन धीर देई, दुसरं तो काढून घेई. घटना म्हणावी तर एका निमिषाची, आणि तीही फक्त मनात घडलेली.

या दोन माणसांमधला फरक ध्यानात ठेवला की ओळखायला फार अडत नाही. पश्चात्तापाला काहीतरी करायचं असतं आणि ते केलं की तो ओसरू लागतो. मंत्रचळाला खात्री हवी असते, शंभर टक्के, आणि ती मिळाली की ‘पण’ म्हणून तो पुढचा दरवाजा उघडतो. दिवसातला तास-दीड तास किंवा त्याहून जास्त वेळ एकाच जुन्या प्रसंगात जात असेल, आईला, नवऱ्याला, मित्राला तोच प्रश्न शब्द बदलून विचारला जात असेल, न विचारता कबुल्या दिल्या जात असतील, गूगलवर कायद्याची कलमं धुंडाळली जात असतील, आनंदाच्या प्रसंगी ‘मला हा हक्क नाही’ म्हणून मन आखडत असेल, आणि या सगळ्याने मिळणारा दिलासा दिवसेंदिवस आखूड होत असेल, तर दखल घ्यायला हवी. नैराश्यातही अपराधीपणा असतो, पण तिथे माणूस स्वतःला दोषी ठरवून मोकळा झालेला असतो. इथे निकालच लागत नाही. आघातानंतरच्या आजारात भूतकाळ अंगावर चालून येतो. इथे माणूस स्वतः त्यात शिरतो, पुरावा शोधायला. अर्थात हे आजार एकमेकांत गुंतलेलेही सापडतात. म्हणून निदान मानसोपचारतज्ज्ञाकडून करून घ्यावं, हे वाचून स्वतःचं स्वतः नव्हे.

एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. अशाने गुन्हेगाराला पळवाट मिळणार नाही का? मला तसं वाटत नाही. कोणाचं नुकसान केलं असेल तर भरून द्यावं, माफी मागायची राहिली असेल तर मागावी, एकदा. आजार म्हणजे त्यानंतर उरणारी गोष्ट: दुसरी माफी, सातवी माफी, माफीच्या शब्दांची छाननी. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीचा तीन दिवसांचा विधी असतो. लहानपणी नाग मारल्याची खंत असलेला एखादा माणूस तो करतो आणि हलका होऊन घरी जातो. मंत्रचळ झालेला माणूस परतीच्या एसटीतच विचारायला लागतो, संकल्पात माझं गोत्र बरोबर उच्चारलं गेलं ना? विधीत खोट शोधून उपयोग नाही.

आपल्याकडच्या सुशिक्षित घरांत विधीची जागा विवेकाने घेतली आहे. अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली, आणि तिने अनेकांचं भलं केलं. पण याच आजारात ती हाती आयती दिली तर उलटते. ‘माझा विचार तर्कसंगत आहे का? त्याला पुरावा काय?’ हे प्रश्न रुग्ण आधीच दिवसाला पन्नासदा विचारत असतो. त्याला तर्क कमी पडत नाही. तर्काचंच व्यसन लागलेलं असतं.

उपचाराची दिशा म्हणूनच वेगळी आहे. १९६६ मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी मंत्रचळाच्या दोन रुग्णांवर एक पद्धत वापरली: भीतीला सामोरं जायचं, पण तिला शमवणारी कृती करायची नाही. तीच पुढे ईआरपी म्हणून जगभर गेली. भूतकाळाच्या बाबतीत तिचं रूप चमत्कारिक वाटतं. ती शिक्षिका उपचारकासोबत एक वाक्य लिहिते, ‘कदाचित मी पेटी मुद्दाम सरकवली असेल, आणि मला ते कधीच नक्की कळणार नाही.’ ते वाचायचं, छातीत धडधड होऊ द्यायची, आणि उत्तर शोधायचं नाही. नवऱ्याला विचारायचं नाही, फोन करायचा नाही, मनातली फिल्म लावायची नाही. धडधड आपोआप उतरते, किंवा तिच्यासकट भाजी निवडता येते. सोबत औषधंही असतात, फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन या जातीची किंवा क्लोमिप्रामिन. नैराश्याच्या मानाने मात्रा बहुधा जास्त लागते आणि परिणाम कळायला आठ ते बारा आठवडे जातात. दुसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देणारे पुष्कळ.

घरच्यांचं काम सगळ्यांत कठीण. ‘तू काही वाईट केलं नाहीस’ हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं, आणि रोज म्हटलं गेलं की तेच आजाराचं खाद्य होतं. एकदम तोंड फिरवणं हाही उपाय नव्हे. उपचारक आणि रुग्ण दोघांशी आधी ठरवून मग म्हणता येतं, ‘हा प्रश्न मंत्रचळाचा आहे, याचं उत्तर मी देणार नाही. चहा टाकतो, बस.’

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, ज्याच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, ओसीडीचं प्रमाण एक टक्क्याहून थोडं कमी आढळलं. यातल्या कितीजणांचा त्रास भूतकाळाभोवती फिरतो, ते अशा आकड्यांतून कळत नाही. जे गप्प बसून, चहाचा कप हातात धरून सोसतात ते मोजणीत येतीलच असंही नाही. यातल्या काहींच्या मनात इग्नेशियससारखेच जीव द्यायचे विचार येतात. तसं असेल तर हे पुस्तक बाजूला ठेवून आधी जवळच्या माणसाला सांगावं, किंवा टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

राहता राहिली वाचण्याची पद्धत. ‘हे मला लागू होतं का? की मी खरंच वाईट आहे आणि आजाराचं निमित्त शोधतोय?’ असं मनात येऊन ही प्रस्तावना पुन्हा पहिल्यापासून वाचावीशी वाटत असेल, तर वाचू नका. पान उलटा आणि पहिलं प्रकरण सुरू करा.